एकाच दिवशी कापलेले २४ कोरल फ्रॅग, दादाकडे वाढले आणि माझ्याकडे जळले

माझा चुलत भाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, बरीच वर्षं रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळाचा) खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवतोय. माझा टँक तेव्हा १४ महिन्यांचा होता. त्याच्याकडच्या चार कॉलन्या इतक्या फोफावल्या होत्या की एकमेकींवर सावली पडायला लागली, म्हणून एका रविवारी आम्ही दोघांनी बसून त्या कापल्या. केशरी मॉन्टिपोरा डिजिटाटा, हिरवी मॉन्टिपोरा कॅप्रिकॉर्निस जिला सगळे नुसतं कॅप म्हणतात, एक गुलाबी बर्ड्सनेस्ट आणि एक जांभळ्या टोकांची अ‍ॅक्रोपोरा मिलेपोरा. प्रत्येकीचे सहा तुकडे, म्हणजे फ्रॅग, असे २४, त्यातले १२ त्याच्या रॅकवर राहिले आणि १२ मी घरी आणले. कापणारा हात तोच, ग्लू तोच, डिप, म्हणजे कापल्यावर औषधाच्या पाण्यात बुडवणं, तोच, दिवस तोच, फक्त टँक वेगळा. अशी सरळ तुलना घरच्या टँकमध्ये क्वचितच मिळते, म्हणून जे जे झालं ते सगळं लिहून ठेवतेय.

कापायचं काम तसं साधंच. डिजिटाटा आणि अ‍ॅक्रो बोन कटरने कापले, कॅप पातळ कौलासारखी हातानेच कटकन मोडते, आणि बर्ड्सनेस्टला नुसता धक्का लागला तरी फांदी हातात येते. तुकडे अडीच-तीन सेंटीमीटरचे. कापलेली बाजू कागदावर टेकवून टिपून घ्यायची, प्लगवर, म्हणजे फ्रॅग चिकटवायच्या छोट्या चकतीवर, जेल सुपरग्लूचा जाडसर ठिपका द्यायचा, तुकडा त्यात बसवून पाण्याखाली न्यायचा आणि प्लगवर दाबून अर्धा वळसा फिरवायचा. फिरवायचं का, तर सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्यानेच सेट होतो आणि पाण्यात जाताच त्याच्यावर पांढरी साय धरते, ती फुटली की आतला ताजा ग्लू पकड घेतो. त्याच बैठकीत दादाने थोडे झोआ (झोअँथिड, कोरलचे मऊ नातेवाईक) पण कापले, आणि त्याआधी मला हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालायला लावला. हे मुद्दाम सांगतेय, कारण झोआ आणि त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलीमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं, त्याचा फवारा डोळ्यात गेला किंवा हातावरच्या जखमेतून आत गेलं तर सरळ हॉस्पिटल गाठायची वेळ येते, आणि असे पॅली असलेला दगड कधीही उकळायचा नाही, त्या वाफेने घरातली माणसं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत.

आता पाणी. माझ्याकडे डिस्प्ले (दर्शनी टाकी) आणि सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) धरून, दगड वजा जाता, साधारण २०० लिटर. तापमान २५.५, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३८०, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ११.२ डीकेएच (तिचं एकक), नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. शेवटचे ते दोन आकडे बघून मी तेव्हा खूश होते. मासे तीनच आणि तेही छोटे, खाणं मोजून, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) टँकच्या मानाने मोठा, रेफ्युजियममध्ये (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यात) कीटोमॉर्फा शेवाळ, वर फॉस्फेट ओढायला जीएफओची (लोहयुक्त दाण्यांची) रिअ‍ॅक्टर २४ तास चालू. दादाकडे त्याच आठवड्यात अल्कलिनिटी ७.८, कॅल्शियम ४१५, नायट्रेट ८ आणि फॉस्फेट ०.०७ पीपीएम. त्याची काच दर दोन दिवसांनी पुसावी लागते, माझी आठवडाभर चकचकीत राहायची, आणि मला वाटायचं की माझा टँक जास्त चांगला सांभाळलेला आहे. लाइटसुद्धा माझा जास्त, रॅकवर पार (PAR, वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) २८० च्या आसपास, त्याच्याकडे २०० ते २२०.

म्हणजे हे १२ तुकडे ७.८ वरून ११.२ डीकेएचमध्ये तासाभराच्या ड्रिपमध्ये, म्हणजे थेंबथेंब पाणी मिसळत, आले, ताजी जखम असताना, वर लाइट जास्त आणि पाण्यात खायला काही नाही. आज हे एका वाक्यात लिहिता येतंय, पण तेव्हा कळायला पाच आठवडे लागले.

पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या दिवशी डिजिटाटाचे पॉलिप (छोटी फुलासारखी तोंडं) बाहेर, सहाव्या दिवशी बर्ड्सनेस्टचे. दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅक्रोची टोकं पांढरी झाली आणि मी आनंदाने दादाला फोटो पाठवला की बघ, ग्रोथ टिप्स आल्या.

इथे जरा थांबते, कारण नवीन माणसाची फसगत इथेच होते. वाढणाऱ्या अ‍ॅक्रोचं टोक पांढुरकं किंवा फिकट असतंच, तिथे सांगाडा भराभर वाढत असतो आणि पेशींमधली झूझॅन्थेली (कोरलच्या आत राहून त्याला खाणं पुरवणारं सूक्ष्म शेवाळ) अजून तेवढी दाट झालेली नसतात. पण त्या पांढऱ्यावर टिश्यू असते, टोकाला नळीसारखं मुख्य कोरलाइट, म्हणजे पॉलिपचं घर, दिसतं, त्याची कड गुळगुळीत आणि ओलसर चमकदार दिसते. जळलेलं टोक खडूसारखं कोरडं पांढरं असतं, रंगीत भाग जिथे संपतो तिथे सरळ रेघ मारल्यासारखी हद्द दिसते, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे चार-पाच दिवसांत त्यावर शेवाळाचा तपकिरी-हिरवट थर बसतो, कारण जिवंत टिश्यूवर शेवाळ बसत नाही, उघड्या हाडावर बसतं. माझ्या टोकांवर सतराव्या दिवशी तो थर दिसला. भिंगातून बघितलं तर नळी होती पण रिकामी.

त्यानंतर मी जे जे केलं त्यातलं बरंचसं चुकलं. आधी वाटलं किडा. मॉन्टिपोरा खाणारे न्यूडिब्रँक (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी) असतात, पांढरे, काही मिलिमीटरचे, ते खालच्या बाजूने टिश्यू खातात आणि अंडीही तिथेच घालतात, अ‍ॅक्रो खाणारे चपटे किडे वेगळे. रात्री टॉर्च घेऊन बघितलं, प्लग उलटे करून बघितले, चावल्याच्या खुणा नाहीत, अंडी नाहीत, तरीही खात्री म्हणून १२ च्या १२ फ्रॅग आयोडिनमध्ये बुडवले, आणि पाच दिवसांनी परत एकदा. ज्यांची जखम भरत होती त्यांना दोन वेळा बाहेर काढून डिप दिला, म्हणजे भरत आलेली कड परत उघडी. दरम्यान कॅप हिरवीवरून पोपटी आणि मग जवळजवळ पिवळी झाली, तर मी म्हटलं रंग उतरतोय म्हणजे लाइट कमी पडतोय, आणि एलईडी १५ टक्क्यांनी वाढवला. हे तर पूर्ण उलटं होतं. लाइट कमी पडला की कोरल सहसा तपकिरी होतं, कारण ते झूझॅन्थेली वाढवून जास्त प्रकाश पकडायला बघतं. फिकट पडणं म्हणजे एकतर लाइट जास्त आहे किंवा खायला कमी आहे, आणि माझ्याकडे दोन्ही होतं. चार दिवसांत दोन बर्ड्सनेस्ट पांढरेफटक झाले, आणि त्याच आठवड्यात एका अ‍ॅक्रोची टिश्यू बुडापासून सोलत वर गेली. लाइट परत खाली आणला, आधीपेक्षाही खाली, पण ते तिघं गेले.

दादाकडे तोवर काय, तर डिजिटाटाने ग्लूच्या ठिपक्यावर कागदाएवढा पातळ केशरी पदर पसरवायला सुरुवात केली होती. फ्रॅगने पकड घेतली हे ओळखायची माझ्या मते हीच एकमेव खरी खूण, उंची नाही. कापलेला तुकडा आधी आडवा पसरतो, ग्लू झाकतो, प्लग धरतो, आणि मग वर जातो. महिनाभर उंची एक मिलिमीटर वाढली नाही तरी बुडाला पदर येत असेल तर निश्चिंत राहावं. माझ्या एकाही प्लगवर तो पदर नव्हता.

खरा सुगावा अल्कलिनिटीच्या वहीत मिळाला. कोरल सांगाडा बनवतं ते कॅल्शियम कार्बोनेटचा, अ‍ॅरागोनाइटचा, त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढतं, म्हणजे अल्कलिनिटी रोज किती उतरते हा त्या टँकमधल्या वाढीचा मीटरच. माझी उतरतच नव्हती. कोरल यायच्या आधीच मी डोसिंग पंपावर अल्कलिनिटी वाढवणारं सोडा अ‍ॅशचं सोल्यूशन थोडं थोडं चालू ठेवलं होतं, वापरत होते ते सॉल्ट मिक्सही मुळातच ११ च्या वर मिसळायचं, आणि पाच आठवड्यांत आकडा ११.२ चा ११.९ झाला होता. दादाला फोनवर हे वाचून दाखवलं तर तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "अगं, तू त्यांना उपाशी ठेवून वरून पळायला लावतेयस."

त्याचं म्हणणं असं, आणि मला ते पटतं, की अल्कलिनिटी जास्त असली की सांगाडा बनवायचा रेटा वाढतो, पण त्या सांगाड्यावर चढायला टिश्यू लागते आणि टिश्यूला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. तो मिळाला नाही तर वाढीच्या टोकाला टिश्यू मागे पडते, आणि सांगाडा उघडा पडतो. समुद्रात अल्कलिनिटी ७ च्या आसपासच असते. ११-१२ वर टँक चालवणारे लोक आहेत, पण त्यांच्याकडे नायट्रेट-फॉस्फेट भरपूर असतं. शून्य आणि १२ ही जोडी चालत नाही.

हे कळलं त्याच आठवड्यात नवीन संकट. वाळूवर आणि रॅकवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यात हवेचे बुडबुडे, रात्री जवळजवळ गायब आणि दुपारपर्यंत परत जशाच्या तशा. तीन दिवसांत चार गोगलगायी मेल्या. पिपेटने थोडं ओढून ४०० पटीच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गोल फिरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या सूक्ष्म एकपेशी जीवांपैकी एक. आणि हेही त्याच शून्यातून आलं. नायट्रेट-फॉस्फेट पार तळाला गेलं की यांच्याशी स्पर्धा करणारं साधं शेवाळ आणि बॅक्टेरिया मागे पडतात आणि यांना मैदान मोकळं मिळतं. माणूस टँक जितका स्वच्छ करायला जातो तितके हे वाढतात, म्हणून हे ओळखणं फार गरजेचं आहे.

उपाय सगळे एकदम केले नाहीत. पहिल्या दिवशी जीएफओ बंद, रेफ्युजियमचा लाइट निम्मा, स्किमर फक्त रात्री. माशांचं खाणं दिवसातून दोनदा. सोडा अ‍ॅशचा पंप बंद. पाण्यात विष सुटतं म्हणून कार्बन घातला. यूव्ही (पाणी अतिनील किरणांतून नेणारा दिवा) लावला आणि तो सम्पवर न लावता थेट डिस्प्लेमधून पाणी घेऊन डिस्प्लेमध्येच सोडणारा, फ्लो हळू ठेवून, कारण ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटतात आणि तेव्हाच ते यूव्हीमध्ये सापडतात. अ‍ॅम्फिडिनियमसारखे वाळूतच बसून राहणारे असते तर यूव्हीचा काही उपयोग झाला नसता, म्हणून आधी मायक्रोस्कोप, मग खर्च.

मग फॉस्फेट. आधी नायट्रेट का नाही, तर त्यामागे कारण आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं होतं की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशी स्थिती आली की झूझॅन्थेली कमजोर होतात आणि कोरल उष्णता आणि प्रकाशाने लवकर ब्लीच होतं, म्हणजे झूझॅन्थेली गमावून पांढरं पडतं. म्हणजे नुसतं नायट्रेट वाढवून फॉस्फेट शून्यावर ठेवणं हे कदाचित दोन्ही शून्य असण्यापेक्षाही वाईट. म्हणून फॉस्फेट आधी. मोनोपोटॅशियम फॉस्फेट १.४३ ग्रॅम एक लिटर आरओडीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात विरघळवलं की १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम फॉस्फेट येतं, २०० लिटरला १० मिली म्हणजे ०.०५ पीपीएम. संध्याकाळी १० मिली घातलं, सकाळी मोजलं, शून्य. परत घातलं, परत शून्य. मला वाटलं टेस्ट बिघडली, दुसऱ्या किटने तपासलं, तेही शून्य. माझा टँक कोरड्या दगडांवर सुरू केलेला आणि १४ महिने जीएफओने निचरलेला, त्यामुळे तो दगड आणि वाळूच सगळं फॉस्फेट शोषून घेत होती. अकरा दिवस हेच चाललं. बाराव्या दिवशी सकाळी पहिल्यांदा ०.०२ दिसलं आणि टिकलं. या मधल्या दिवसांत घाबरून एकदम पाचपट घालायची इच्छा होते, ती आवरायची, कारण दगड भरला की पुढचं सगळं पाण्यातच राहतं.

नायट्रेटला सोडियम नायट्रेट, २०० लिटरला ०.२७ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. ते सोपं गेलं, दगड ते ओढत नाही, आठवड्यात ४ वर आलं.

अल्कलिनिटी उतरवणं हे सगळ्यात संयमाचं काम. खप नसल्यामुळे ती आपोआप उतरणार नव्हती. ७.५ ला मिसळणारं दुसरं सॉल्ट घेतलं आणि आठवड्यातून दोनदा १० टक्के पाणी बदललं. ११.९ मध्ये १० टक्के ७.५ चं घातलं की साधारण ०.४ ने उतरते, आणि एका वेळी यापेक्षा जास्त उतरवायची नाही असं मी ठरवलंच होतं, कारण वर चढताना जो धक्का दिला तोच खाली येताना द्यायचा नव्हता. डायनो असताना पाणी बदलू नका असं बरेच जण सांगतात, आणि बदललेल्या पाण्याने नायट्रेट-फॉस्फेट परत पातळ होतात हे खरंच आहे, म्हणून बदलायच्या पाण्यात मी दोन्ही आधीच मिसळून ठेवायचे. सहा आठवड्यांत ८.३ वर आले.

डायनो साधारण तिसऱ्या आठवड्यात विरळ झाले, आणि त्यांच्या जागी काचेवर साधं हिरवं शेवाळ आलं. ते हिरवं बघून मला जो दिलासा वाटला तो शब्दात सांगता येणार नाही. उरलेले दोन अ‍ॅक्रो मात्र या काळात गेले, एक डायनोच्या तारांखाली गुदमरला, दुसरा हळूहळू बुडाकडून. डिजिटाटाच्या दोन फ्रॅग्सची टोकं मेलेली होती आणि त्यावर शेवाळ बसलेलं, ती मी जिवंत टिश्यूच्या दोन-तीन मिलिमीटर खाली कापून टाकली. जखम परत देतोय म्हणून वाईट वाटलं, पण शेवाळ बसलेल्या हाडावर टिश्यू चढायला फार वेळ लागतो, ताज्या स्वच्छ कापावर ती पटकन चढते. यावेळी पाणी बरं होतं, कापलेली जागा नऊ दिवसांत झाकली गेली.

दहाव्या आठवड्यात पहिला केशरी पदर ग्लूवर दिसला. त्या दिवशी तारीख लिहून फोटो काढला, आणि तेव्हापासून दर रविवारी त्याच कोनातून, त्याच निळ्या लाइटमध्ये, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढते.

सात महिन्यांचा हिशोब असा. डिजिटाटा तिन्ही जिवंत, सगळ्यात मोठा ७ सेंटीमीटर आणि चार फांद्या. कॅप तिन्ही जिवंत, एकीचा पंखा साडेसहा सेंटीमीटर रुंद, एकीच्या वाटीसारख्या खोलगट भागात गाळ साठून तळाला टिश्यू गेली होती, तिला तिरकं बसवून फ्लोमध्ये आणल्यावर थांबलं. बर्ड्सनेस्ट तीनपैकी एक. अ‍ॅक्रो एकही नाही. म्हणजे १२ पैकी ७. दादाकडे १२ पैकी ११, आणि त्याची डिजिटाटा ९ सेंटीमीटर. एवढा उशीर होऊनही माझी फार मागे नाही, हा भाग मलाही अनपेक्षित होता. अल्कलिनिटीचा खप शून्यावरून रोज ०.४ डीकेएचवर आला, आणि २०० लिटरला त्याचा अर्थ रोज जवळजवळ दीड ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, त्यातलं काही दगडावरच्या गुलाबी कोरलाइन अल्गीचं पण बरंचसं या सात जणांचं. आता डोसिंग पंप परत चालू आहे, पण खप मोजून त्याप्रमाणे.

सहाव्या महिन्यात दादाने त्याच मिलेपोराचे दोन तुकडे परत दिले. "यावेळी घाई करू नकोस गं," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात माझी अल्कलिनिटी ८.० होती आणि त्याची ७.९, फरक ०.१ चा. डिप एकदाच दिला, तोही त्याच्याकडेच, कापल्यावर लगेच. वाळूजवळ, पार १०० च्या आसपास ठेवले, दर चार-पाच दिवसांनी थोडे वर, तीन आठवड्यांत २०० वर आणले आणि तिथेच थांबवले. पहिले दहा दिवस त्यांना हातसुद्धा लावला नाही. टोकं पांढुरकी आहेत, भिंगातून नळी दिसते आणि तिच्या कडेला ओलसर चमक आहे, सतरावा दिवस उलटला तरी शेवाळ नाही. आज तिसाव्या दिवशी एका प्लगवर ग्लूच्या कडेने जांभळी रेघ आली आहे, रुंदी दोन मिलिमीटर. दुसऱ्यावर अजून नाही.